दोन हातांचा नियम

आत्याच्या लेसच्या खोलीत मी वीस वर्षं बसले आणि वीस वर्षांत माझ्या नावाचं एकही काळं कार्ड झालं नाही. ते का झालं नाही आणि शेवटी कसं झालं, एवढंच सांगते. गोड करून सांगणार नाही. लेस म्हटलं की ज्यांना नाजूक बोटं आणि मऊ स्वभाव आठवतो, त्यांनी एकदा आमच्या टेबलाशी येऊन बसावं.

खोली शर्टांच्या दुकानाच्या वर. एक लांब टेबल, पाच खुर्च्या, एकच मोठी खिडकी. खिडकीशी आत्या. तिच्या शेजारी तिची मुलगी, माझी आतेबहीण, वय वर्षं बेचाळीस, नाव बेबी. खरं नाव वेगळं आहे, पण आत्या हाक मारते तीच सगळ्यांच्या तोंडी. समोर काकू. ती कुणाचीच काकू नाही, फक्त सगळ्यांत जुनी आहे. काकूच्या शेजारी चष्मिष. आणि दाराशी, जिन्यातला वारा थेट मानेवर येतो तिथे, मी.

काम टॅटिंगचं. होडीच्या आकाराचं बोटभर शटल, त्यात गुंडाळलेला धागा. डाव्या हाताच्या बोटांभोवती धाग्याचा फास धरायचा, उजव्या हातातलं शटल त्याच्या खालून-वरून न्यायचं, गाठ पडते. गाठीला गाठ लावत जायचं. मग शटलचा धागा ओढला की फास आवळतो आणि गोल कडी होते. कडीला कडी जोडायला मधे कमानी, त्यांना दुसरा धागा लागतो. झालं, सगळी लेस या दोन गोष्टींची. सुई नाही, यंत्र नाही. आणि गाठ एकदा बसली की सुटत नाही. चुकलं की कात्री.

आता काळं कार्ड. खोलीत कुणी नवा नमुना काढला की त्याचा वीतभर तुकडा काळ्या पुठ्ठ्यावर टाचतात, मागे पांढऱ्या शाईनं नाव लिहितात आणि पुठ्ठा आत्याच्या खणात जातो. त्याला दोन हातांचा नियम आहे. काढणारीनं तो नमुना टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचा, आणि दुसऱ्या हाताला तो जमला तरच कार्ड. एकीलाच जमतं ते नमुना नाही, ती हाताची खोड, असं आत्याच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, ठरवलेलं. कार्डवालीला खोलीत बोलता येतं. धागा कुठला घ्यायचा, कुणाला घ्यायचं, यात तिचा शब्द मोजतात. बिनकार्डाची म्हणजे बोटं. बोटांना कोण विचारतं?

आत्याची कार्डं सदतीस. बेबीची अकरा. काकूची चार, चष्मिषचं एक. माझं शून्य, कारण माझ्याकडून शिकायला कुणी बसलंच नाही. तीनदा मी नवीन तुकडा टेबलावर ठेवला. तिन्ही वेळा आत्या म्हणाली, "आत्ता कुणाला वेळ नाही." आणि कुणाला वेळ नव्हता.

मी एकोणीस वर्षांची असताना वडील गेले आणि मी या खोलीत आले. आत्या वडिलांची सख्खी बहीण. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात शटल दिलं आणि म्हणाली, "बघ आणि शीक. आमच्यात तोंडानं शिकवत नाहीत."

मी बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं. आत्याची बोटं जशी जात होती तशीच माझी जात होती, मोजून सांगते, गाठीला गाठ तीच. पण माझी कडी आवळायची नाही. शटलचा धागा ओढावा तर फास तसाच आ वासून. जोर लावला की धागा तुटायचा. रोज कात्री. संध्याकाळी माझ्या खुर्चीखाली न आवळलेल्या फासांचा ढीग पडायचा आणि झाडूही मीच मारायचे.

"तुझे हात या कामाचे नाहीत," आत्या म्हणायची. "दादानं तुला काही शिकवलंच नाही."

मेलेल्या माणसावर ढकलायला काय जातं?

तेरा महिने हे चाललं. मग एके दिवशी तापात होते, डाव्या हातात त्राण नव्हतं, बोटं आपोआप सैल पडली आणि गाठ माझ्या डोळ्यांसमोर उलटली. शटलच्या धाग्यानं घातलेली गाठ टुणकन डाव्या हाताच्या धाग्यावर गेली. ओढलं. कडी आवळली. तेव्हा कळलं की प्रत्येक गाठ अशी उलटावी लागते. उलटली की आतला धागा मोकळा सरकतो, नाही उलटली की जागच्या जागी अडकून बसतो. ते उलटणं बघणाऱ्याला दिसत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि होतं ते बोटांच्या ताणात. बघून ते शिकताच येत नाही.

मला ते सापडलं म्हणून मी आत्याला दाखवायला गेले तर ती म्हणाली, "आलं का एकदाचं?" तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. तिथेच मला समजायला हवं होतं. नाही समजलं. मी आनंदात होते, बावळट.

तर या वर्षी नाटकवाली आली. मोठ्या नाटकमंडळीचे कपडे करणारी बाई, तोंडानं फटकळ, हातात टाचण्यांची डबी. तिला राणीची कॉलर हवी होती. मानेमागे उभी राहणारी, लेसची, आणि आत तार नको, खळ नको.

"तार नटीच्या गळ्याला टोचते," ती म्हणाली, "आणि खळ तिच्या घामानं वितळते. दुसऱ्या अंकापर्यंत राणीची कॉलर म्हणजे ओला रुमाल. तुमच्याच्यानं होणार असेल तर सांगा, नाहीतर मी कागदाची करते."

आत्यानं काम घेतलं आणि माझ्याकडे ढकललं, कारण ते होणारं नव्हतं. अंगाशी आलं तर माझ्या नावावर, एवढं साधं.

मी दीड महिना धाग्यांशी मारामारी केली. वीस नंबरचा सुती धागा जाड, कॉलर घोंगडीसारखी दिसायची. ऐंशी नंबरचा सुंदर, पण श्वास घेतला तरी मान टाकायचा. रेशीम हातातून मासळीसारखं निसटतं. नायलॉननं गाठच धरली नाही, रात्रभर ठेवलं की सकाळी सगळं पसरलेलं. चपला शिवणाऱ्याकडचा मेणाचा दोरा आणला, त्यानं नखं काळी केली आणि लेसही. मग पुस्तकं बांधणाऱ्याकडून अळशीच्या तागाचा धागा आणला. करकरीत, कोरडा, हट्टी. तो कमानीत आत घातला आणि बाहेरून चाळीस नंबरचं सूत. बरंच जमलं. कॉलर अर्धी उभी राहिली आणि मग कमानी आतल्या धाग्यावरून घसरून गोळा व्हायला लागल्या.

घसरतं का? कारण गाठी उलटलेल्या आहेत. बरोबर आहेत म्हणून घसरतात.

मी दर चार गाठींनंतर एक गाठ चुकीची घातली. न उलटलेली. पहिल्या वर्षी रोज शेकड्यानं घालायचे तशी. कमान जिथे वाकवली तिथेच राहिली, कुणी खिळा मारल्यासारखी. कॉलर टेबलावर ठेवली तर ती स्वतःच्या पायांवर उभी, हात लावला की परत जागेवर. चष्मिष म्हणाली, "अगं बाई, हिला राग आलाय."

आत्यानं कॉलर उचलली, उजेडात धरली, एक कमान दाबून बघितली. म्हणाली, "तागाचा धागा आत घातलास. बरं सुचलं." आणि घेऊन गेली.

चौथ्या दिवशी नाटकवाली कॉलर बघायला आली. बघून तिनं हातातली टाचण्यांची डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "अशा बारा. आणि एक सांगते, खेळ झाला की या फाटणार. माझ्याकडच्या बाईला त्या सांधता आल्या पाहिजेत, म्हणून कशा करता ते मला एकदा डोळ्यांसमोर बघायचंय. कुणी केली ही?"

आत्यानं खणातून काळं कार्ड काढलं आणि ऐटीत तिच्यापुढे ठेवलं. नाटकवालीनं उलटं करून वाचलं. पांढऱ्या शाईत बेबीचं नाव होतं.

मला ते तिथे, त्या क्षणी कळलं. मी जागची उठले नाही. काकूनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन शटलवर मान झुकवली.

"बेबी, दाखव गं," आत्या म्हणाली.

बेबीला मला वाईट म्हणता येत नाही, एवढंच वाईट आहे. तिचे हात सुरेख आहेत. तिनं ताग आत घेतला, सूत बाहेर, कमान सुरू केली, अगदी माझा नमुना समोर ठेवून. वीस गाठी झाल्या, हात सोडला, कमान वेटोळी होऊन बसली. परत केली. परत वेटोळी.

"धागा ओला झालाय का?" नाटकवालीनं विचारलं.

"आण इकडे," आत्या म्हणाली. पन्नास वर्षं हेच काम केलेले हात. त्यांच्याइतकी नीट गाठ मी जन्मात कुणाची बघितलेली नाही. गाठीला गाठ मोत्यासारखी. आणि कमान आत्याच्या बोटांत गोळा झाली, मेलेल्या किड्यासारखी.

आत्यानं वर बघितलं. "काय गंमत बघतेस?"

"बघतेय," मी म्हणाले. "तोंडानं शिकवत नाहीत ना आपल्यात."

चष्मिषला खोकला आला.

आत्यानं भिंग काढलं. कॉलरची कमान भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. तिला तोवर वाटत होतं की सगळी करामत तागाची आहे. "ही चूक आहे," ती म्हणाली. "ही गाठ उलटलेलीच नाही. नवख्या पोरींची चूक आहे ही."

"हो," मी म्हणाले. "तुझ्याच खोलीत शिकले."

"चुकीचं कार्ड होत नसतं."

"झालंय की. बेबीच्या नावाचं. ते काय आहे तुझ्या हातात?"

नाटकवाली खुर्ची ओढून बसली. तिला मजा यायला लागली होती हे लपवायचीसुद्धा तिनं तसदी घेतली नाही.

आत्यानं कार्ड टेबलावर पालथं घातलं. "दोन हातांचा नियम आहे. हे दुसऱ्या कुणाच्या हातून होत नाहीये. माझ्या होत नाही, बेबीच्या होत नाही. मग हा नमुना नाही. तुझ्या हाताची खोड आहे. कार्ड फाडते, विषय संपला. बारा कॉलरी तू कर. बस तिथे."

"नियमात शिकवायचं असतं. मला शिकवायला कुणी कधी बसू दिलंय?"

"शिकव मग! आमच्या हातांना ही चूक येतच नाही, पन्नास वर्षांत आलेली नाही. बेबीला शिकव. बाईंच्या समोर शिकव. बघू."

ती जिंकली असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं. चांगल्या हाताला वाईट सवय लावणं सोपं नसतं. बेबीची बोटं तीस वर्षांपासून गाठ उलटतायत, झोपेतसुद्धा उलटतील. बघून तिला हे येणार नव्हतं. मला तेव्हा बघून उलटणं आलं नव्हतं, तिला आता बघून न उलटणं येणार नव्हतं. दाखवत बसले असते तर तेरा महिने गेले असते.

मी उठून बेबीच्या शेजारी, आत्याच्या खुर्चीच्या अगदी पुढ्यात, उभी राहिले आणि तोंडानं सांगितलं.

"बेबी, ऐक. गाठ बोटांनी उलटत नाही, ताणानं उलटते. डावा हात सैल आणि उजवा ताठ असला की उलटते. डावा ताठ ठेव, उजवा सैल सोड, नाही उलटणार. बाकी सगळं तेच."

एवढंच. दोन श्वासांत संपलं.

बेबीनं माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. पहिली गाठ तरीही उलटली. दुसरीही. मी तिचं डावं मनगट धरलं आणि म्हणाले, "ताठ. बोटं वर. फास तंबोऱ्याच्या तारेसारखा." तिसरी नाही उलटली. बेबीच्या तोंडून "अय्या" निघालं, बेचाळीसाव्या वर्षी. चार बरोबर गाठी, एक अडकलेली. चार, एक. कमान वाकवली. वाकलेली राहिली. टेबलावर ठेवली. उभी.

"सात मिनिटं," चष्मिष म्हणाली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, देव तिचं भलं करो.

मग बेबीनं अगदी सरळ मनानं विचारलं. तिच्यात कपट नाही, म्हणून तिचा प्रश्न कुणाच्याही शिवीपेक्षा जोरात लागला.

"आई, एवढंच सांगायचं होतं? तेव्हा? हिला?"

आत्या कार्डाची कड नखानं खरवडत होती.

"मला तर तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. डावा सैल, उजवा ताठ. गाणं केलं होतंस त्याचं. आणि ही वर्षभर रोज रडत केर काढायची."

"रडत नव्हते," मी म्हणाले.

"रडायचीस," काकू म्हणाली.

आत्यानं मान वर केली. मला वाटलं ती खोटं बोलेल, विसरले म्हणेल. नाही बोलली. तिचा हा एक गुण मी मानते, ती भित्री नाही. "नाही सांगितलं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितलं. दादाची मुलगी म्हणून उद्या या खोलीत अर्धी वाटणी मागशील, हे मला दिसत होतं. वाटलं कंटाळून जाशील. गेली नाहीस. आणि सांगितलं असतं तर ही कॉलर झाली असती का? त्या वर्षातूनच आली ना? माझेच उपकार आहेत ते."

"उपकार होते तर बेबीवर का नाही केलेस?"

बेबीनं ते ऐकलं, आणि आईपासून खुर्ची थोडी लांब ओढून घेतली. फार नाही, हातभर.

"माझ्या बारा कॉलरी," नाटकवाली म्हणाली, "कुणाच्या नावानं येणार तेवढं सांगा. मला बिलावर लिहावं लागतं."

"नाव लिही, आत्या," मी म्हणाले. "दोन हात झाले. सगळ्यांनी बघितले."

आत्यानं काळ्या शाईनं बेबीचं नाव खोडलं. पांढऱ्या शाईची बाटली उघडली, टाक बुडवला आणि लिहिलं: भाची.

"नाव," मी म्हणाले.

"ओळखतील लोक."

"वीस वर्षं तू मला अगं ए म्हणतेस. नाव माहीत नसेल तर सांगते."

तिनं ते खोडून नाव लिहिलं. दाबून लिहिलं, पुठ्ठ्यात टाक रुतेपर्यंत. मी कार्ड वाळेपर्यंत हातात धरून उभी राहिले आणि मग तिच्या खणात स्वतः ठेवलं. मला भरून वगैरे आलं नाही. दात दुखायचा थांबल्यावर वाटतं तेवढंच वाटलं.

नाटकवाली गेली. आम्ही परत आपापल्या जागी बसलो, कारण काम होतं. मग काकूनं घसा खाकरला.

"ए, ऐक ना. रेशमाचं टोक लपवतेस ते कसं? माझं दोन धुण्यांत सुटतं. बाईंचं सुटत नाही." काकू आत्याला बाई म्हणते.

मी शटल खाली ठेवलं. "काकू, तेरा महिने तू माझ्या समोर बसली होतीस. तुला गाठ उलटायचं माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"माझ्या घरी तीन तोंडं होती आणि बाई खिडकीशी बसल्या होत्या," काकू म्हणाली. "तुझ्यासाठी मी खुर्ची सोडणार नव्हते. आज विचारतेय, सांगायचं नसेल तर नको सांगूस."

मला तिला फाडून खावंसं वाटत होतं. पण नाही सांगितलं असतं तर या टेबलाशी आत्या एक होती ती दोन झाली असती. म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"शेवटची कडी झाली की बारीक सुईत टोक ओवायचं आणि गाठींच्या पोटातून पाच-सहा गाठी मागे न्यायचं. मग परत उलटं एकदा. असं दोनदा."

"तेच तर करते मी," काकू म्हणाली.

"मग अजून एकदा ने. तीनदा."

"तीनदानं फुगतं गं," चष्मिष म्हणाली. "मी करून बघितलंय."

"मग सुई अजून बारीक घे."

खिडकीतून आवाज आला, "सुई नाहीच."

आम्ही चौघी वळलो. आत्यानं आमच्याकडे पाठ केलेली होती, मान ताठ, हात चालूच.

"मूर्ख आहात तुम्ही. रेशमात सुई घालतं का कुणी? शेवटच्या सहा गाठी घालतानाच त्यांच्यात दुसऱ्या धाग्याचा दुमडलेला फास आत ठेवायचा. कडी आवळली की टोक त्या फासात अडकवायचं आणि फास ओढून काढायचा. टोक आपोआप आत जातं. तिला काही येत नाही आणि निघाली शिकवायला."

काकूनं हळूच शटल उचललं. चष्मिषनं वही काढली.

"किती गाठी म्हणालात, बाई? सहा?"

"सहा," आत्या म्हणाली. "बहिऱ्या आहात का?"